मोठ्या पायाचं माप

फैजपूरच्या स्टँडामागे, अहिरेंच्या दुकानात
सकाळी अकराला गेले तर तुळशीराम म्हणाला,
ताई, चढायचे जोडे घ्यायचे तर संध्याकाळी या.
दिवसभर उभं राहिल्यावर पाय खरं बोलतात.

संध्याकाळी गेले.
सकाळपासून केळी-वेफरच्या कढईपाशी उभी,
अंगाला तेलाचा वास, घोट्यावर पट्ट्यांचे वळ.
त्याने खाली पुठ्ठा मांडला, पेन्सिल फिरवली पायाभोवती.
गुदगुल्या झाल्या, हसू दाबलं.
बावन्न वर्षांत कुणी पाय आखला नव्हता माझा.

डावा अर्ध्या बोटाने मोठा निघाला.
आजवर कुठल्या पायाचं माप घ्यायच्या?
लहान्याचं, म्हटलं. दिसायला बरं.
म्हणजे डाव्याने सोसलं, तो म्हणाला,
दुधाचा भाव वाढल्याचं सांगावं तसं,
आणि वरच्या फळीवरचा खोका काढायला स्टूल ओढलं.

माप मोठ्याचं घ्यायचं.
लहान्याला वरून एक मोजा चढवता येतो,
मोठ्याला काही तासता येत नाही.
टाच धरून ठेवायची, बोटं सोडून द्यायची,
उतारावर बोटं पुढे धावतात,
भिंत लागली की नखं काळी.

पंधरा दिवस जोडे घरातच वापरले.
कढईपाशी, अंगणात, तुळशीला पाणी घालताना.
शेजारची ओट्यावरून ओरडली,
कुठी चालली वं माय, इतकी नटून?
कुठी नाही, म्हटलं, जोड्याला घर दाखवते.

कपड्यांचं मात्र कुणाला विचारलं नाही.
लेक पुण्याला जाताना टाकून गेलेली पँट,
नाडी बदलली, खालून दोन बोटं दुमडली.
खिशात तिचं जुनं तिकीट सापडलं, एसटीचं,
आकडे उडालेले. तिथेच राहू दिलं.
सदरा यांचा. बागेतला, पूर्ण बाह्यांचा,
केळीच्या चिकाने जागोजागी तपकिरी,
शंभर धुण्यांनी म्हशीच्या कानासारखा मऊ.
हे म्हणाले, अगं, चांगला घे की इस्त्रीचा.
चांगल्याला बोरीच्या काट्यात जपावं लागतं,
याला आता कसला डाग लागायचा राहिलाय?

भिशीच्या आम्ही सहा जणी.
यंदा हॉटेलात नको, डोंगरात, असं ठरलेलं.
पालच्या पुढे, सागाची पानं वाजत होती पायाखाली,
कुसळं मोज्यांना धरून आमच्याबरोबर चढायला निघालेली.
कुमुद फिरके पांढऱ्या बुटांत आली होती,
आदल्या रात्री खोक्यातून काढलेल्या, ओढणीला साजेशा.
दुसऱ्या वळणाला ती बोलेनाशी झाली.
तिसऱ्याला दगडावर बसली.
टाचेला रुपयाएवढा फोड.

शेवंताने चिकटपट्टी काढली, ती घामाने सुटे.
जीन्स घातलेली रजनी वाकायलाच तयार नव्हती.
मग मी माझा उजवा जोडा सोडला,
त्या लहान्या पायावर दोन मोजे होते,
वरचा काढून कुमुदच्या टाचेवर चढवला.
तिने पाय आधी मागे घेतला.
ऊन होता गं मोजा, माझ्या घामाचा,
पण फोडाला कसली लाज.

पुढे माझा उजवा पाय जोड्यात जरा पोहत राहिला.
पोहू दिला. नाडी आवळली.
वरून पाहिलं तर रावेरकडचं सगळं हिरवं,
केळीची पानं या उंचीवरून एकसारखी,
कुणाची बाग कुठली, सांगता येईना.
उतरताना डाव्याची पाचही बोटं
आपापल्या जागी हलवून पाहिली, एकेक करून.

घरी आल्यावर उंबऱ्यावर बसून कुसळं वेचली.
वीस मिनिटं. एक अजून सापडतं, बोटाला टोचून.

चौथ्या दिवशी कुमुदने मोजा परत आणला,
धुऊन, वाळवून, घडी घालून.
एकाच मोज्याची घडी कशी घालतात, तिलाच माहीत.
वर म्हणाली, पुढच्या महिन्यात लालिंगचा किल्ला.
तुळशीरामचं दुकान सांगितलं तिला.
संध्याकाळी जा, म्हटलं,
आणि विचार, एकेक सुटा मोजा
विकतो का तो.